मासे यायच्या आधीचं पाणी

६ फेब्रुवारी

टँक आला! दोन हमाल पुढे, मागून चिंगी "सांभाळून, अहो सांभाळून" करत जिना चढत होती. काच फुटली नाही, माझे कान फुटायचे बाकी राहिले. साठ लिटरचा आहे. ह्यांच्या खुर्चीसमोर, खिडकीपासून लांब ठेवला — ऊन लागलं की शेवाळ धरतं म्हणे. माझं शिवणयंत्र गेलं दाराआड. मला कुणी विचारलं का? नाही!

पण आज चिडायचं नाही असं ठरवलंय. ह्यांचं यकृत गेली दोन वर्षं हळूहळू जात होतं, आता डॉक्टर सरळ 'गेलं' म्हणतात. जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तरी जिन्यात शेजारी कसे बघतात ते मला कळतं. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवायचा, एवढाच उपाय. यादीत नाव आहे, पण यादी कधी सरकेल सांगता येत नाही. माझा रक्तगट जुळला नाही. चिंगीचं सगळं जुळलं. सव्वीस वर्षांची आमची पोर, शाळेत मुलांना पळायला-उड्या मारायला शिकवते, अंगात रोग म्हणून नाही. "घ्या की माझं अर्धं, परत वाढतं ते," म्हणाली. जशी काही केसच कापून देणार आहे!

हे चार महिने नाहीच म्हणत होते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांसमोर एकदम म्हणाले, "येतो. पण आधी घरात माशांचा टँक लावणार. मासे सोडले की दुसऱ्या दिवशी न्या मला." आम्ही सगळे बघतच राहिलो. डॉक्टर हसले. म्हणाले, मुलीच्या तपासण्यांना महिना-दीड महिना लागणारच आहे, लावा खुशाल. चिंगीने तिथल्या तिथे शब्द घेतला. ह्यांनी दिला. आणि ह्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. लग्नानंतर एकदा म्हणाले सिगरेट सोडतो, तेव्हापासून कुणाच्या सिगरेटला काडीसुद्धा लावून दिलेली नाही.

म्हणून टँक. येऊ दे. दोन येऊ देत!


७ फेब्रुवारी

मासेवाल्याने आज माझी शाळा घेतली. मी आपली पिशवी घेऊन गेले होते, म्हटलं चार मासे द्या. म्हणाला, "काकू, आज सोडले तर आठवड्यात मरतील." मासे पाण्यातच खातात, पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा होतो अमोनिया आणि तोच त्यांना मारतो. तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढवावे लागतात. पहिले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात — तेही विषच. मग दुसरे येतात, ते त्याचं नायट्रेट करतात. ते बेताने असलं तर माशांना चालतं. हे सगळं मासे नसताना करायचं! म्हणजे आपणच बाटलीतून अमोनिया टाकायचा आणि जिवाणूंना पोसायचं.

"म्हणजे माशांच्या वाटचं आपण मुतायचं," हे म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसले!

अमोनिया मी कामावरच्या दुकानातून आणला. आमच्या ड्रायक्लिनिंगमध्ये डाग काढायला असतोच. मासेवाल्याने बजावलं होतं, बाटली हलवून बघा, फेस राहिला तर त्यात साबण आहे, नको. फेस राहिला नाही. वास मात्र असा की डोळ्यांतून पाणी.


८ फेब्रुवारी

पंचवीस थेंब. ह्यांनीच टाकले, हात थरथरतो तरी हट्टाने. मग मी परीक्षानळीत पाणी घेतलं, किटमधले थेंब घातले आणि पाच मिनिटं धरून उभी राहिले. पिवळा म्हणजे शून्य. जितका हिरवा तितका अमोनिया. किटच्या तक्त्यावरचा दोनचा हिरवा आला, हवा तेवढाच.

ठरलं असं: रोज सकाळी कामाला जायच्या आधी मी तपासणार. पिवळ्यावर उतरला तरच हे पुन्हा टाकणार. पाचच्या वर गेला तर जिवाणूच गुदमरतात, म्हणून हात राखून.

दिवसभर हे समोर बसून रिकाम्या पाण्याकडे बघत होते. फिल्टर गुरगुरतो. घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं.


१२ फेब्रुवारी

हिरवा. काल हिरवा. परवा हिरवा.

ह्यांच्या रक्तातही अमोनियाच. यकृत तो काढत नाही, मग डोक्यात चढतो आणि माणूस भ्रमतो. त्यासाठी ते गोड सिरप दिवसातून तीनदा, आणि मग संडासाच्या फेऱ्या. ह्या घरात आता दुसरा विषयच राहिलेला नाही. नर्सने सांगितलंय, रोज सकाळी पाच टोकांची चांदणी काढायला लावा आणि फोटो पाठवा. डोकं बिघडायला लागलं की आधी चांदणी बिघडते. हे आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारे! चांदणी अशी काढतात की वाटावं पट्टी लावून काढली.

सकाळी आधी ह्यांची चांदणी, मग टँकचा रंग. दोन्ही झालं की मी चहा पिते.


१९ फेब्रुवारी

नायट्राइट आलं! नळी जांभळी झाली. मासेवाल्याला फोन केला तर तो माझ्यापेक्षा खूश. "काकू, पहिले पाहुणे आले. आता अमोनिया उतरायला लागेल, मग वेळ लागत नाही."

चिंगीला कळवलं. तिने नाचणाऱ्या माणसांची चित्रं पाठवली, सतरा-अठरा तरी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "इतक्या लवकर?"


२० फेब्रुवारी

हिरवा. कालच्यापेक्षा गडद?


२४ फेब्रुवारी

काही कळेना झालंय. नायट्राइट आहे म्हणजे जिवाणू आहेत. जिवाणू आहेत तर अमोनिया उतरायला हवा. हा उलट चढतोय. आज चारचा रंग! मी तर आठ तारखेनंतर थेंबही टाकू दिलेला नाही.

मासेवाला म्हणाला, काही कुजतंय का बघा. पाण्यातलं रोप उपटून पाहिलं, स्वच्छ. वाळूत बोटं घालून पाहिलं. मग म्हणाला नळाचं पाणी तपासा. तपासलं — पिवळंधमक. आता टँकमध्ये कुणाचं भूत मुततंय?

ह्यांच्या पोटातलं पाणी आज पुन्हा काढलं. खाज इतकी की पाठ रक्ताळलीय. डोळे पिवळे. मला आता ह्या रंगाचीच शिसारी येते, आणि रोज सकाळी नळी धरून तोच रंग मागत उभी असते.


१ मार्च

अर्धं पाणी बदलायचं काम आज मी एकटीने केलं. बादल्या भरायच्या, क्लोरीन मारायचे थेंब घालायचे, ओतायचं. कंबरेचा काटा ढिला झाला. हे खुर्चीतून "राहू दे गं, राहू दे" म्हणत होते. राहू दे काय! डॉक्टर आता विचारायला लागलेत, मासे कधी येतायत? चिंगीच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या झाल्या. म्हणाले, फार ताणू नका, ह्यांच्या अंगात तेवढं राहिलेलं नाही.

मी ह्यांना म्हटलं, "पुरे झाली टँकची हौस, उद्याच जाऊ." हे म्हणाले, "मी माझा शब्द पाळणार. तुम्ही तुमचा पाळा."

फिल्टरला मात्र हात लावला नाही. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झालाय. सगळा जीव त्या घाणीत आहे म्हणे.


४ मार्च

पाणी बदलून तीन दिवस झाले. पुन्हा चार!

आज दुकानात एक बाई कोट घेऊन आल्या. मेलेल्या माणसाचा कोट मला लगेच ओळखू येतो — खिसे आधीच रिकामे केलेले असतात. जिवंत माणसाच्या खिशात नाणं, तिकीट, गोळीचा कागद, काहीतरी निघतंच. बाईंना पावती दिली आणि मोरीत जाऊन रडले. मालकीणबाईंना सांगितलं अमोनिया डोळ्यांत गेला.


७ मार्च

लिहायलाही भीती वाटतेय, तरी लिहिते.

हेच टाकत असतील. आणि टाकलेलं विसरत असतील. मी कामावर गेले की उठतात, बाटली दिसते, वाटतं आजचे थेंब राहिले, टाकतात. पुन्हा दिसते, पुन्हा टाकतात. दुसरं काही होऊच शकत नाही. घरात आम्ही दोघंच.

म्हणजे रक्तातला अमोनिया डोक्यात चढला. म्हणजे सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले होते, आधी लहान लहान गोष्टी विसरतात, मग माणसं.

ह्यांना विचारलं नाही. काय विचारू? विसरलेल्या माणसाला, विसरलात का म्हणून?


८ मार्च

चांदणी मात्र सरळ. पाचही टोकं जागच्या जागी. मी भिंग घेऊन पाहिली. मुद्दाम विचारलं, काल काय जेवलो? बरोबर सांगितलं. चिंगीच्या शाळेचं नाव, माझ्या बहिणीचा जिना किती पायऱ्यांचा — सगळं. शेवटी वैतागून म्हणाले, "परीक्षा आहे का माझी?"

तरीही रक्त तपासून घेणार. नर्सशी बोलले.


११ मार्च

रिपोर्ट आला. अमोनिया ह्यांच्या मानाने ठीक आहे, वाढलेला नाही. डॉक्टर म्हणाले, "डोकं एकदम स्वच्छ आहे त्यांचं. उगाच घाबरता." मी उड्या मारायला हव्या होत्या. नाही मारल्या.

कारण मग टँकमध्ये कोण टाकतंय?


१३ मार्च

दुकानातला बॉयलर बंद पडला. दुपारीच घरी आले. दार माझ्या किल्लीने उघडलं.

हे टँकपाशी उभे होते. एका हाताने टेबल धरलेलं, दुसऱ्या हातात बाटलीचं झाकण. ड्रॉपर नाही — झाकण! सावकाश ओतलं. काचेवर ओघळ आला तो बाहीने पुसला. बाटली बंद करून खालच्या फळीवर ठेवली आणि तिची चिठ्ठी पुढे फिरवली, मी ठेवते तशी. विसरणारा माणूस असं करत नाही.

मग मी दिसले. मला वाटलं आता कारणं देतील. नुसतं खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तू लवकर आलीस."

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. ओरडले एवढं खरं. "मी बादल्या उपसतेय, रात्रंदिवस देवाला — नाही, त्या मासेवाल्याला — विचारतेय, आणि तुम्ही!" हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर झिजला तर नवा मागवायचा. नाही आला तर लिफ्ट बंद ठेवायची. शेजारची चालू लिफ्ट उघडून तिचा दोर नाही काढायचा."

"ती काय लिफ्ट आहे? तिची स्वतःची इच्छा आहे."

"तिला नाही म्हणता येत नाही. इच्छा वेगळी."

"आणि तुम्ही शब्द दिलात तो?"

"मासे सोडले की येणार म्हणालो. सोडले तर येईन ना!"

वा! शब्द मोडायचा नाही, अमोनिया ओतायचा! असला सत्यवचनी नवरा कुणाच्या वाट्याला येऊ नये. म्हणाले, सरळ नाही म्हटलं तर पोर रोज येऊन रडेल, उपाशी बसेल, मी वितळेन. टँकवर कुणी रडत नाही. टँक झाला नाही की नाही. तोवर यादीत नंबर लागला तर लागला.

"आणि नाही लागला तर? माझं काय?"

ओली बाही चोळत राहिले. मग म्हणाले, "तुझ्यापुढे मला तोंड नाही. पण पोरीच्या पोटावर सुरी नको गं."

बाटली मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. किल्ली गळ्यात.


१४ मार्च

बोलत नाही ह्यांच्याशी. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं. सिरप समोर आदळलं. चांदणी काढून त्यांनी मुकाट्याने पुढे सरकवली, मी मुकाट्याने फोटो काढला.

चिंगीला काही सांगितलं नाही. का नाही, ते माहीत नाही.


१६ मार्च

एकवर आला. मासेवाला म्हणतो, जिवाणू दमदार आहेत, इतके दिवस नुसते कोंडले होते. मी पंचवीस थेंब मोजून टाकले, माझ्या हाताने. एका दिवसात किती उतरतो ते बघायचं. हे बघत होते. डोळे मिटले.

मला हवेत हे. बास. चिडके, हट्टी, पिवळे, कसेही. एवढं लिहिते आणि झोपते.


१८ मार्च

हॉस्पिटलात बोलावलं होतं. समुपदेशक बाई तरुण, आवाज मऊ. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि रुमालांचा डबा, म्हणजे इथे माणसं रडतात हे आधीच धरलेलं.

"देणाऱ्याच्या बाजूने कोण बोलणार?"

"मी. आई."

"आणि घेणाऱ्याच्या?"

"मीच. बायको."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही बाजूंना एकच व्यक्ती चालत नाही. तुम्ही एक बाजू घ्या. दुसऱ्या बाजूला कुणी दुसरं आणा." मी सवयीने म्हटलं, ह्यांच्या बाजूने. चिंगीकडून तिची आत्या येईल. बाईंनी लिहून घेतलं. किती पटकन लिहून घेतलं!

मग चिंगीला कुठून कुठपर्यंत कापणार ते सर्जननी स्वतःच्या शर्टावरून बोट फिरवून दाखवलं. बराच वेळ बोट फिरत होतं. म्हणाले, धोका कमी आहे. चिंगीने विचारलं, "कमी म्हणजे नाही ना?" ते म्हणाले, "नाही असं मी कुणालाच सांगत नाही." चिंगी हसली. सगळ्यांना वाटलं, किती धीराची आहे.


२० मार्च

दोनचा अमोनिया एका दिवसात उतरला. नायट्राइट जरासं आहे, फिकट जांभळं. मासेवाला म्हणाला, एक-दोन दिवसांत मासे न्यायला या. बारा बाजूला काढून ठेवलेत.

चिंगी संध्याकाळी आली. म्हणाली, आज मी बघते. नळी स्वतः धरली, स्वतः थेंब घातले. मी मागे उभी होते. हळूहळू पिवळं झालं. "झालंच की गं आई!" म्हणाली — अगदी मोठ्याने, शाळेत मुलांना शाबासकी देते तशी. आणि तिचा दुसरा हात आपोआप पोटावर गेला. सर्जननी बोट फिरवलं होतं तिथेच. तिला कळलंसुद्धा नाही. चेहरा पांढराफटक.

मी विचारलं, "घाबरलीस?"

"छे! मी कशाला घाबरू?" मग बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

हे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. मी सांगितलंच होतं, असं काही नव्हतं त्या बघण्यात. नुसतं बघत होते. त्यांना हे कधीपासून दिसत होतं? मी रोज परीक्षानळीत बघत राहिले आणि पोरीच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. ती घाबरलेय. मरणाची घाबरलेय. आणि नाही म्हणणार नाही.


२२ मार्च

सकाळी अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. पाणी काचेसारखं. हे झोपलेले, श्वास वर-वर लागतोय.

चिंगीचा फोन आला. "आई, आज किती?"

म्हटलं, थांब, बघून सांगते. फोन टेबलावर ठेवला. कपाट उघडलं. झाकणभर ओतलं. माझा हात थरथरत नाही. मग पुन्हा नळी भरली, थेंब घातले, पाच मिनिटं उभी राहिले — पोरीशी खोटं बोलायचं नव्हतं.

"हिरवा गं," मी म्हटलं. "अजून हिरवाच."